तोगित्सु ते निशिझाका, गोन्सालोच्या वाटेने

वसईकरांना संत गोन्सालो गार्सिया कोण ते सांगायला नको, गासचं चर्च त्याच्याच नावाचं आहे. वसईत जन्मलेला, वडील पोर्तुगीज, आई इथलीच, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारला गेलेला. मिस्टरांच्या नोकरीमुळे जपानला आलो तेव्हापासून माझ्या मनात होतं की तो आणि त्याच्यासोबत क्रुसावर मारले गेलेले बाकीचे, असे २६ जण ज्या वाटेने गेले तिचा शेवटचा टप्पा तरी पायी चालायचा. त्यांना क्योतोपासून भर थंडीत जवळपास महिनाभर चालवत आणलं होतं, डाव्या कानाचा तुकडा आधीच कापलेला. शेवटी ओमुराच्या खाडीतून होडीने तोगित्सुला उतरवलं आणि तिथून परत पायी निशिझाकाच्या टेकडीवर. हे शेवटचं अंतर साधारण १२ किलोमीटर.

फेब्रुवारीत गेले, सकाळी तोगित्सुच्या किनाऱ्यावरून रोजरी, म्हणजे आपली जपमाळ, हातात घेऊन निघाले. वाट म्हणजे आता साधा हायवे आहे, गाड्या, पेट्रोल पंप, दुकानं, आपल्या वारीसारखं कोणी पाणी देणारं नाही की सोबत गाणारं नाही. आणि डोक्यात सारखा दादा. बाबा गेल्यावर त्याने बँकेच्या लोनचे कागद आहेत सांगून माझी सही घेतली आणि ते निघालं हक्कसोडपत्र, केळीची अख्खी वाडी त्याच्या नावावर झाली. ख्रिस्ती लोकांना १९२५ चा वारसा कायदा लागतो, त्यात मुलगा-मुलगी समान, म्हणून मी कोर्टात गेले. तेव्हापासून नातेवाईक मलाच सांगतात की अगं सोडून दे, आपण ख्रिस्ती ना, माफ करायला नको का. दादाला मात्र कोणी काही सांगत नाही. म्हणजे क्षमा करायची ती फक्त जिचं गेलंय तिनेच, आणि तीही तोंड बंद ठेवून.

उराकामीला पोचेपर्यंत पाय भरून आले होते. इथल्या कॅथेड्रलच्या अगदी जवळ ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला, तिथे थोडा वेळ बसले, कन्फेशनसाठी आलेले काही राख झाले असतील असं मनात आलं आणि रोजरीचे दहा मणी त्यांच्यासाठी म्हटले, आणि उठले.

निशिझाका नागासाकी स्टेशनपासून जवळच आहे, छोटा चढ चढला की समोर लांबलचक स्मारक, १९६२ सालचं, ब्राँझचे २६ जण एका ओळीत, पाय जमिनीला न टेकलेले. गोन्सालोला शोधला आणि खरंच रडू आलं, इतक्या लांब आपल्या गावचा माणूस. हिदेयोशी म्हणजे जपानचा तेव्हाचा राज्यकर्ता, ज्याने या सगळ्यांना मारायचा हुकूम दिला, त्याच्याशी बोलताना फ्रान्सिस्कन संघाच्या फादरांचा दुभाषी हाच होता. १५९६ ला सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं, हिदेयोशीने त्यातला माल जप्त केला, आणि त्याच भांडणातून पुढे हे सगळं पेटलं, म्हणजे तिथेही मालमत्ता होतीच.

पण मला उत्तर सापडलं ते पावलो मिकीपाशी. हा त्या २६ जणांतला जपानी, जेझुइट संघाचा, त्याने क्रुसावरून लोकांना शेवटचं प्रवचन दिलं. त्यात तो आधी सांगतो की मी काही गुन्हा केलेला नाही, मी ख्रिस्ताची शिकवण दिली म्हणून मला मारतायत. आणि मग म्हणतो की राजाला (म्हणजे हिदेयोशीला) आणि माझ्या मरणाला जे जे जबाबदार आहेत त्या सगळ्यांना मी क्षमा करतो. मी त्याच्या समोर उभी राहून हे परत परत मनात घोळवलं. तो खरं बोलायचं थांबला नाही, झालं ते बरोबर झालं असंही म्हणाला नाही, राजा चुकलाय हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि त्याच राजाचं भलं चिंतलं. आपल्या प्रभूनेही क्रुसावरून, हे बापा त्यांना क्षमा कर, असंच म्हटलं, म्हणजे अपराध झालाय हे त्यात आलंच की, नाहीतर क्षमा कसली करायची.

मग तिथेच बाकावर बसून दादासाठी प्रार्थना केली, नाव घेऊन. पहिल्यांदा तोंडातून शब्दच फुटेना. मग त्याच्या शुगरसाठी मागितलं, भाचीचं बारावीचं वर्ष आहे तिच्यासाठी मागितलं, आणि मग हळूहळू तो लहानपणीचा दादा दिसायला लागला, मला सायकलच्या दांड्यावर बसवून चर्चमध्ये मिस्सेला नेणारा. राग गेला नाही, अजूनही येतो, पण त्याचं वाईट व्हावं असं आता वाटत नाही आणि हे मी मनापासून लिहितेय.

केस मागे घेतलेली नाही. वकिलांना फोन करून एवढंच सांगितलं की अर्जात जे घडलं तेच ठेवा, माझा हिस्सा मागा, पण दादाच्या स्वभावाबद्दल जे चार वाकडे शब्द मी रागात घालायला लावले होते ते काढा. आणि ईस्टरला वहिनीला फोन करणार आहे, ती उचलेल न उचलेल.