प्रेशर येत नाही म्हणजे पंपच गेला?

मोटर सुरू, आवाज नेहमीचा, पण हायड्रॉलिक प्रेसच्या प्रेशर गेजचा काटा 5 बारच्या वर जाईना. काम 150 बारचं. तेलाची पातळी, सक्शन स्ट्रेनर (पंपात जाणारं तेल गाळणारी जाळी), मोटर-पंप जोडणारं कपलिंग, सगळं ठीक. गेज बदलून पाहिला, तरी तेच.

मग पुरवठादाराच्या सर्व्हिसला फोन केला आणि तिथेच घोडं अडलं. "पंप गेलाय साहेब, बदलून टाका." मशीन न बघताच! फॉर्म भरा, नेमप्लेटचा फोटो पाठवा, सिरियल नंबर पुसट दिसतोय, परत पाठवा. अहो, झिजलेला पंप हळूहळू दम सोडतो. काल 150 बार देणारा आज एकदम 5 वर कसा येईल? टाकीचं झाकण काढून बॅटरी मारली, तर रिलीफ व्हॉल्व्हच्या (प्रेशर जास्त झालं की तेल टाकीत सोडतो तो) रिटर्नपाशी तेल नुसतं उसळत होतं. म्हणजे पंप तेल देतोय आणि ते वाटेतूनच टाकीत परत जातंय. पंपाचं काम तेल ढकलण्याचं. त्या तेलाला अडवणूक झाली तरच प्रेशर बनतं. हे सगळं फोनवर सांगितलं. उत्तर आलं, "कोटेशन पाठवतो."

खरी खूण वेगळीच होती. रिलीफचा प्रेशर ठरवणारा स्क्रू कितीही आवळला तरी काटा ढिम्म. पायलटवाल्या रिलीफमध्ये (ज्यात छोटा व्हॉल्व्ह मोठ्याला चालवतो) मेन स्पूलला, म्हणजे तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या सरकत्या दट्ट्याला, एक बारीक भोक असतं. त्यातून तेल स्पूलच्या मागे जातं आणि स्पूल बंद राहतो. भोक बुजलं की मागे उरते फक्त हलकी स्प्रिंग, आणि स्पूल थोड्याशा प्रेशरला उघडतो. व्हेंटचा सोलेनॉइड (स्पूलमागचं तेल टाकीत सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) अडकला तरी हेच होतं, म्हणून तो आधी तपासला. तो चालत होता.

रॅमला (प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाला) खालून टेकू दिला, वीज बंद केली, ॲक्युम्युलेटर रिकामा केला (हे विसरू नका, त्यात प्रेशर साठलेलं असतं) आणि व्हॉल्व्ह खोलला. भोकात काळ्या रबराचा कण! नुकताच नवा होज (रबरी नळी) बसवला होता. कापल्यावर तो आतून साफ न करताच जोडला गेला असणार. कण हवेने उडवला. तार घालू नका, त्याने भोक मोठं होऊन बसतं. ओ-रिंग नवी टाकली, स्क्रू पूर्ण सैल करून मशीन सुरू केलं आणि हळूहळू आवळत गेलो. काटा 150 वर जाऊन थांबला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

हो, एक राहिलं: प्रेशर अर्धवट येत असेल तर रिलीफची रिटर्न लाइन तापलीय का बघा, तापली असेल तर तेल तिथूनच निसटतंय. आणि गळती शोधताना बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक फवारा कातडीच्या आत घुसतो.