आधी वाइन, मग मिसळ: नाशिकच्या वायनऱ्या कशा बघाव्यात

नाशिकच्या वायनऱ्यांना पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मोठी गर्दी. गंगापूर धरण भरलेलं, डोंगर हिरवेगार. देखावा झकास, पण वेलींवर तेव्हा नुसता पाला असतो आणि आत यंत्रं धुऊनपुसून बंद. वायनरी चालू बघायची तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत जा. मधला वार धरा आणि सकाळची पहिली फेरी घ्या.

हे वेळापत्रक छाटणीमुळे ठरतं. युरोपात वेल थंडीत झोपते, वर्षाला एकच छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी करून काडी (पुढे घड धरणारी फांदी) तयार करायची आणि पावसाळा संपत आला की गोड्या बहाराची छाटणी करून फळ धरायचं. पावसाचा मार पानांवर जातो, घड कोरड्या थंडीत पिकतात. वाइनची द्राक्षं खायच्या द्राक्षांपेक्षा लहान, जाड सालीची, बियांची आणि बरीच गोड. तोंडात टाकायचा मोह होतो. आधी विचारा, फवारणी झालेली असू शकते.

तोडणी भल्या पहाटे होते. ऊन चढलं की क्रेटमध्येच मणी फुटून रस आंबायला लागतो आणि वास उडतो. पांढऱ्या वाइनची द्राक्षं दाबून लगेच रस वेगळा काढतात आणि साधारण 12 ते 16 अंशांवर सावकाश आंबवतात. स्टीलच्या टाकीवर दव धरलेला पट्टा दिसतो, तिथे आतून थंड पाणी फिरत असतं. लाल वाइनमध्ये सालींसकट आंबवण, 25 अंशांच्या वर. वायूच्या जोराने साली वर येऊन जाड थर जमतो. तो कोरडा राहिला तर त्यावर व्हिनेगरचे जंतू बसतात, म्हणून दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपाने वर सोडतात. गाइडला एवढंच विचारा, ‘आत्ता कुठल्या टाकीत आंबवण चालू आहे?’ पाठ केलेलं भाषण थांबतं आणि खरी वायनरी दिसते. फक्त टाकीच्या तोंडावर वाकू नका. तिथे कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, एका श्वासात गरगरायला होतं.

एका दिवशी एकच दिशा, आणि दोनपेक्षा जास्त वायनऱ्या नकोत. पहिल्यांदाच जाणाऱ्याने गंगापूर-सावरगाव रस्ता धरावा: सुला, यॉर्क आणि सोमा तिथे जवळजवळ आहेत. यॉर्क 2021 पासून सुलाच्याच मालकीची आहे. सुलाला सोय आहे आणि गोंगाटही आहे. शांतपणे चाखायचं असेल तर इगतपुरीच्या बाजूला सांजेगावची ग्रोव्हर झांपा आणि मुकणे धरणाजवळची व्हॅलोने बघा. निफाडकडे कुंदेवाडीला रेव्हेलो आहे. लहान ठिकाणी आधी फोन केल्याशिवाय जाऊ नका. ड्राय डे कॅलेंडरात बघून ठेवा आणि वयाचा पुरावा जवळ ठेवा. महाराष्ट्रात वाइनसाठी 21 वर्षं पूर्ण लागतात.

आता मिसळ. नाशिकला पोचल्या पोचल्या ती खाऊन थेट टेस्टिंगला जाणं ही ठरलेली चूक. तिखटाने पोळलेल्या जिभेला अल्कोहोल झोंबतं आणि लाल वाइनचा तुरटपणा दुप्पट कडू लागतो. रिकाम्या पोटीही नको. पोहे खा, मिसळ दुपारी. अत्तर घरी ठेवा, त्याच्यापुढे वाइनचा वास कळत नाही.

चाखताना क्रम फेसाळ, कोरडी (गोड नसलेली) पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, लाल आणि शेवटी गोड लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. उलट गेलात तर पुढची प्रत्येक वाइन आंबट लागेल. द्राक्षाच्या जातीप्रमाणे वास बदलतो: शेनिन ब्लांकमध्ये पेरू शोधा, सोव्हिन्यॉ ब्लांकमध्ये ढोबळी मिरची, शिराझमध्ये काळी मिरी. पांढरी बर्फासारखी गार दिली तर वासच येत नाही. ग्लास तळव्यात दोन मिनिटं धरा. लाल ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची म्हणतात ते थंड देशांतलं रूम. मार्चमधल्या नाशकात ती 30 अंशांवर निव्वळ स्पिरिट लागते, दहा-पंधरा मिनिटं बर्फात ठेवायला सांगा. चव शिळ्या सफरचंदासारखी वाटली तर बाटली कधी उघडली ते विचारा आणि नवीन मागा. यात संकोच कसला?

टेस्टिंगमध्ये 30 मिलीचे सहा पेग धरले तर 180 मिली वाइन होते. 13 टक्क्यांच्या हिशोबाने 18 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि साठ किलोचा माणूस एवढ्यात ती सहज ओलांडतो. म्हणजे गाडी चालवणाऱ्याने घोट चाखून थुंकायचा, भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं. नाहीतर ड्रायव्हर घ्या.

विकत घेताना लेबलवरचं वर्ष बघा. साधी पांढरी आणि रोझे वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या असतात, तेव्हा जुना साठा सवलतीत मिळाला तरी सोडा. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हा गैरसमज. ताज्या पांढरीला तेच बरं. बाटल्या डिकीत टाकून जेवायला गेलात तर उन्हात तासाभरात वाइन भाजते, बूच वर सरकतं, चव शिजवलेल्या मनुकांसारखी होते. थर्मोकोलचा डबा न्या किंवा खरेदी निघतानाच करा.