मोत्याचा परवाना आणि पिशवीत अडकलेले रोप

आमचा कुत्रा मोत्या याच्या परवान्यासाठी मायक्रोचिप, रेबीजच्या लसीचा दाखला आणि मालकाचा अर्ज एवढेच मागितले होते, तरीही ज्या एका खिडकीवर माझे प्रकरण अडकले तिच्याविषयीचा राग अजून पुरता निवळलेला नाही.

आमच्या घरात नवीन माणूस आले, मग ते जन्माने येवो वा लग्नाने, की त्याच्या नावाचे झाड लावण्याची रीत पणजोबांपासून चालत आली आहे. मोत्याच्या नावाचेही झाड लावायचे यावर सर्वांचे एकमत झाले. आजीने मात्र आधी त्याचे नाव दप्तरी लागू दे, मगच झाड लावू, अशी अट घातली. मुका जीव घरात आणायचा तर त्याची जबाबदारी लेखी पत्करली पाहिजे, असे तिचे म्हणणे होते आणि ते मलाही पटले. त्यामुळे रोपवाटिकेतून आणलेले रोप पिशवीतच राहिले.

चिप आणि लस यांची कामे विनासायास झाली. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि सुईने मानेमागे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली बसवतात. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ आणला की त्याच्याच लहरींवर ती आपला 15 अंकी क्रमांक सांगते. त्यामुळे हरवलेला कुत्रा कुठे आहे हे चिपवरून कळेल, अशी आशा कोणी बाळगू नये. तो कोणाला सापडला आणि त्याने स्कॅन करून घेतला, तरच नोंदीतला तुमचा फोन क्रमांक उपयोगी पडतो. म्हणून घर किंवा फोन बदलला की नोंदही बदलावी.

परवान्याच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याने मोत्याच्या मानेवरून स्कॅनर फिरवला, पडद्यावरचा क्रमांक वाचला, लसीचा दाखला समोर धरला आणि अर्ज परत सरकवला. दाखल्यावर शेवटून दुसरा अंक 3 ऐवजी 8 छापला गेला होता. लस याच कुत्र्याला दिली आहे हे कशावरून मानायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण लसीकरणाचा पुरावा चिपच्या क्रमांकाशी जुळला नाही तर त्याला काहीच अर्थ उरत नाही. त्यानंतर जे घडले ते मात्र रास्त नव्हते. दवाखान्याने सांगितले की दाखला चिपच्या नोंदणीतून आपोआप छापला जातो, तेव्हा दुरुस्ती तिथेच करावी लागेल. नोंदणी सांभाळणाऱ्यांनी दुरुस्तीसाठी मालकीचा पुरावा मागितला, आणि पुरावा म्हणून त्यांना चालणारा कागद एकच होता, तो म्हणजे परवाना. परवान्यासाठी दाखला, दाखल्यासाठी नोंद आणि नोंदीसाठी परवाना, अशा या चक्रात माझ्या किती फेऱ्या झाल्या ते मोजण्याचे मी पुढे सोडून दिले. प्रत्येक खिडकी दुसरीकडे बोट दाखवी आणि आपले वाक्य नियमानुसार बरोबर असल्याचे समाधान प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असे.

सुटका झाली ती एका चिकटपट्टीने. चिपच्या पाकिटात तिच्या क्रमांकाच्या बारकोड पट्ट्या येतात आणि त्यातली एक डॉक्टरांनी मोत्याच्या पहिल्या लसीकरण पुस्तिकेत लावून शेजारी सही केलेली होती. लशीच्या बाटलीवरचे लेबलही त्याच पानावर होते. ते पान पुढे केल्यावर वरिष्ठांनी स्कॅनर पुन्हा फिरवून घेतला आणि जागेवर शिक्का मारला. हेच पान पहिल्या दिवशी का मागितले गेले नाही, याचे उत्तर कोणीही दिले नाही. म्हणून दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी कुत्रा स्कॅन करून घ्यावा, पडद्यावरचा क्रमांक प्रत्येक कागदाशी अंकाअंकाने ताडून पाहावा आणि ती पुस्तिका टाकून देऊ नये.

दरम्यान पिशवीतल्या रोपाची मुळे आतल्या आत गोल फिरून वेटोळे घालू लागली होती. तशीच लावली तर ती पुढे खोडालाच आवळतात. म्हणून लावताना पिशवी फाडून ती बोटांनी मोकळी केली आणि फार घट्ट झालेली कापून टाकली. खोडाचा बुंधा मातीत गाडला जाणार नाही, हेही पाहिले. झाड निवडताना कुत्र्याचा विचार आधी करावा, हे सांगायचे राहिलेच: कण्हेर आणि सायकस ही दोन्ही कुत्र्यांना विषारी असून सायकसच्या बिया सर्वांत घातक असतात. घरातल्या काहींचा आग्रह कण्हेरीचा होता. तो आजीनेच मोडून काढला.

रोपाभोवती जाळी लावली आहे, कारण कुत्र्याच्या लघवीतील युरिया आणि क्षार कोवळ्या रोपाला सोसत नाहीत. मोत्याने तरीही जाळीच्या खांबावर आपला हक्क नोंदवलाच; तिथे लगेच भरपूर पाणी ओतले की क्षार विरळ होतात. रेबीजचा बूस्टर वर्षभराने द्यायचा आहे आणि परवान्याच्या नूतनीकरणात त्याचा दाखला पुन्हा लागेल, त्या वेळी मात्र क्रमांक मी दवाखान्यातच मोठ्याने वाचून घेणार आहे.