बुरणूस, नमुना ५: पापुद्रा सुटायचा थांबला

बुरणुसाच्या, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, पाचव्या नमुन्याची कड कात्रीने कापली आणि दोन्ही अंगठ्यांनी फाकवून पाहिली. थर सुटले नाहीत, आतून सगळे एकसंध निघाले. आधीच्या चारही नमुन्यांत वरून घट्ट आणि हाताला भरीव माल यायचा, पण कड ओढली की घडीच्या चपातीसारखे पापुद्रे वेगळे व्हायचे.

चिंचोक्याची खळ लावून पाहा, असे बऱ्याच जणांनी सुचवले होते. ती इथे उपयोगाची नाही. खळ असते घोंगडीच्या ताण्यासाठी, म्हणजे उभ्या धाग्यांसाठी. मागावर सूत तुटू नये, केस बसावेत म्हणून. बुरणूस विणलेला नसतोच. शब्द मुळात अरबी, तिकडे तो टोपीच्या झग्याचा. आपल्याकडे लोकर दाबून, मळून केलेल्या जाड कापडाला तो चिकटला. त्यात ताणा नाही, बाणा नाही. केसांवरचे खवले एकमेकांत अडकतात तेवढाच आधार. खळीने तो कडक होईल, पण पहिल्या भिजण्यात खळ निघून जाईल आणि पापुद्रा होता तिथेच राहील.

पहिला दोष रचनेत होता. दख्खनी मेंढीच्या लोकरीत राठ, आतून पोकळ केस पुष्कळ असतात आणि ते नीट गुंतत नाहीत. म्हणून पहिल्या तीन नमुन्यांत जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची, मऊ लोकर दोन्ही बाजूंना आणि राठ लोकर मधे घातली होती. दिसायला सुंदर, पण चुकीचे. जावळ आधी जमते, म्हणजे केस गुंतून घट्ट होते, आणि आकसते, मधला भाग मोकळाच राहतो. चौथ्यापासून एक भाग जावळ आणि दोन भाग राठ लोकर एकत्र पिंजली. पापुद्रा कमी झाला, गेला नाही.

उरलेला दोष पाण्यात सापडला. सुरुवातीलाच कढत पाणी ओतून जोरात चोळले की वरची कातडी लगेच बनते आणि साबणपाणी आत पोचत नाही. शिवाय बोअरचे पाणी जड. त्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट पांढरा साका होतो आणि तो केसांवर बसतो. एकाच लोकरीचे दोन तळहाताएवढे तुकडे करून पाहिले. बोअरच्या पाण्यातला तासाभरानेही बुळबुळीत होता, नळाच्या पाण्यातला तेवढ्या वेळात जमला.

पाचव्याची कृती अशी. कच्ची लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता, फक्त बुडवून दोनदा धुतली. एका किलोतून ७०० ग्रॅम उरली. पिंजलेली २५० ग्रॅम लोकर ६० बाय ६० सेंटिमीटरवर आठ पातळ थरांत पसरली, प्रत्येक थर आधीच्याला आडवा. चार जाड थरांपेक्षा आठ पातळ थर केव्हाही बरे. एक लिटर नळाच्या पाण्यात आठ ग्रॅम किसलेला खोबरेल तेलाचा साबण. आधी कोमट पाणी शिंपडून वीस मिनिटे नुसते तळव्याने दाबायचे, घासायचे नाही. मग बांबूच्या पडद्यात गुंडाळून हलके लाटायचे आणि दर पन्नास फेऱ्यांनी काटकोनात फिरवायचे, नाहीतर एकाच बाजूने आकसतो. चिमटीत धरल्यावर सुटे केस वर येईनासे झाले की मगच गरम पाणी आणि जोर. शेवटी बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरे व्हिनेगर, म्हणजे साबण उरत नाही. वाळल्यावर आकार ४३ बाय ४३, जाडी सात-आठ मिलिमीटर.

पडदा बुरुडाकडून करून घेतलेलाच घ्यावा. तयार मिळणाऱ्यांत नायलॉनची दोरी ढिली असते, काड्या सरकतात आणि बुरणुसावर वळ उठतात. लोकर कापसाच्या यंत्रावर पिंजून आणू नका, केस तुटून आखूड होतात. हातपिंजणीला वेळ लागतो, पण फरक बोटांना कळतो.

पुढचा बेत ९० बाय १५० चा होता. याच हिशेबाने मांडणी १२५ बाय २१० आणि लोकर १.८ किलो, म्हणजे कच्ची तीन किलो धरावी. भिजलेली गुंडाळी एवढी जड होईल की हाताने लाटणे जमणार नाही. दोघांनी उभे राहून पायाने लाटावी लागेल.

हे आकडे मांडताना एक शंका आली. एवढ्या रुंदीवर मधे साबणपाणी पोचले नाही तर पापुद्रा परत येईल. म्हणून आधी चार-चार थरांच्या दोन पातळ चादरी अर्ध्या जमवायच्या, अजून केसाळ असतानाच एकावर एक ठेवून पुन्हा लाटायच्या. हे आधी ६० च्या मापावर करून पाहणे शहाणपणाचे, तेव्हा सहावा नमुना परत लहानच.

मोठा मात्र दिवाळीनंतर. कोल्हापूरच्या पावसात एवढी जाडी आतून वाळत नाही, कुबट वास धरते. पाचवा वेखंडाच्या तुकड्यांसह कापडात बांधून ठेवला आहे, कसर लागू नये म्हणून.