पिंग जातंय, येत नाही

ग्रुप प्रोजेक्ट मिळाला की विषय नीट वाचायच्या आधी कामाची वाटणी होते. काय करायचंय ते नंतर बघू, पण 'माझ्याकडे काय' हे प्रत्येकाला आधी हवं असतं. कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या प्रोजेक्टमध्ये तर ही घाई विद्वत्तेचा आव आणून करता येते, कारण सगळा विषयच वाटणीवर उभा आहे. नेटवर्कचं काम सात थरांत वाटून देणारं ते ओएसआय मॉडेल १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून विद्यार्थी ते पाठ करत आलेत. प्रत्येक थराने आपापलं काम करावं, खालच्याने ते कसं केलं याची चौकशी वरच्याने करू नये. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसतं, आणि आळशी माणसाला याहून मोठा आशीर्वाद कोणता?

आम्ही चौघं होतो. एका संस्थेच्या दोन इमारती, त्यांत वेगवेगळे विभाग, प्रत्येक विभागाचं नेटवर्क स्वतंत्र, पण सगळ्यांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. हे पॅकेट ट्रेसर या नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उभं करून दाखवायचं आणि सोबत रिपोर्ट द्यायचा. एकाने अ‍ॅड्रेसिंग घेतलं, म्हणजे कुठल्या मशीनचा पत्ता कुठला; एकाने राउटिंग, म्हणजे कुठल्या पत्त्याकडे कुठल्या वाटेने जायचं. मशीन एकमेकांना जोडणारे स्विच, त्यांच्यावर विभागांची नेटवर्कं वेगळी ठेवणारी व्हीलॅन, आणि पहिल्या इमारतीला बाहेर जोडणारा राउटर माझ्याकडे आले. चौथा त्या दिवशी आलाच नव्हता, म्हणून रिपोर्ट त्याच्या माथी मारला. गैरहजर माणसाला रिपोर्ट द्यायचा हा नियम कुठल्याही अभ्यासक्रमात छापलेला नाही, पण कडकपणे पाळला जातो तो हाच.

वाटणी झाल्यावर प्रत्येक जण मन लावून कामाला लागला. हे मुद्दाम सांगतो, कारण ग्रुप प्रोजेक्टची गोष्ट म्हटली की 'एकटाच राबला, बाकीचे झोपले' अशी असायला हवी असं लोकांना वाटतं. तसे ग्रुप असतात, नाही असं नाही. पण कामचुकारांनी बुडवलेल्या प्रोजेक्टपेक्षा कामसू लोकांनी अडकवलेला प्रोजेक्ट मला जास्त बघण्यासारखा वाटतो. तिथे दोष द्यायला कोणी सापडत नाही.

अ‍ॅड्रेसिंगवाल्याने पहिल्या इमारतीला १९२.१६८.१०.० पासूनचे पत्ते दिले. लॅबमध्ये पन्नास मशीन, म्हणून स्लॅश २६ (स्लॅशनंतरचा आकडा गटात किती पत्ते ते सांगतो; तो एकने वाढला की पत्ते निम्मे). त्यात चौसष्ट पत्ते, पैकी पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा, उरले बासष्ट. ऑफिसात पंचवीस जण, म्हणून ६४ पासून पुढे स्लॅश २७, वापरता येणारे पत्ते तीस. नेटकी मांडणी होती, एकही पत्ता उगाच वाया घालवला नव्हता. मग सरांनी मध्येच आवश्यकता बदलली. ऑफिसात पंचवीस नाही, चाळीस जण धरा म्हणाले. (खऱ्या नोकरीत असंच होतं, हे त्यांचं समर्थन. खऱ्या नोकरीत त्याचे पैसे मिळतात, हे आम्ही मनातल्या मनात म्हणालो.) तीस पत्त्यांत चाळीस माणसं बसत नाहीत, म्हणून स्लॅश २७ चं स्लॅश २६ झालं. त्याने शीट सुधारलं, ग्रुपवर टाकलं, 'बदल केलाय, बघून घ्या' असं लिहिलं. तिघांनी अंगठे दाखवले. मी माझ्या राउटरवर मास्क (स्लॅशचंच दुसरं रूप; स्लॅश २७ चा २२४ ने संपतो, २६ चा १९२ ने) बदलला आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

सगळं एका फाइलमध्ये जोडायची वेळ आली ती अर्थातच सबमिशनच्या आदल्या रात्री. तारा जोडल्या, स्विचच्या पोर्टवरचे नारिंगी ठिपके हिरवे व्हायची वाट बघितली. स्विच लगेच माल पुढे ढकलत नाही, आपण कुठे गोल फिरणारी वाट तर तयार करत नाही ना हे आधी तपासतो, आणि त्यात अर्धा मिनिट जातो. सबमिशनच्या रात्री तो अर्धा मिनिट फार लांब असतो. मग ऑफिसातल्या १९२.१६८.१०.७० वरून दुसऱ्या इमारतीत पिंग मारलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक चारदा पाठवून उत्तराची वाट बघितली. पहिली ओळ 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', पुढच्या तिन्हींना उत्तर. जल्लोष. मग कोणीतरी, कशाला ते देव जाणे, १९२.१६८.१०.१२० वरून तेच करून बघितलं. चारही टाइम्ड आउट. पुन्हा मारलं, पुन्हा चार.

एकाच खोलीतले, एकाच स्विचवरचे, एकाच व्हीलॅनमधले दोन पीसी. एकाचं पिंग जातं, दुसऱ्याचं नाही. स्विच माझे, त्यामुळे सगळ्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी पोर्ट दाखवले, व्हीलॅन दाखवलं, ट्रंक, म्हणजे सगळ्या व्हीलॅनची सामायिक तार, दाखवला. सगळं चोख. अ‍ॅड्रेसिंगवाल्याने शीट पुढे केलं. एकही आकडा चुकलेला नव्हता. राउटिंगवाला म्हणाला, रूट चुकला असता तर ७० ला तरी उत्तर कसं आलं असतं? बिनतोड मुद्दा. तर्काने बघितलं तर नेटवर्क चालू होतं, फक्त चालत नव्हतं. रिपोर्टवाला घरून फोनवर होता आणि प्रत्येक पिंगनंतर विचारत होता, 'पोचलं का?'

'पोचलं का' हा या क्षेत्रातला फार जुना प्रश्न आहे. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या कॉम्प्युटरला पहिला संदेश पाठवायचा होता, 'लॉगिन'. इकडे चार्ली क्लाइन हा विद्यार्थी, तिकडे बिल डुव्हाल, आणि दोघं एकीकडे टेलिफोनवर. एल पोचलं का? पोचलं. ओ? पोचलं. जी दाबलं आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. नवं नेटवर्क चालतंय की नाही हे त्याच्या आधीच्या नेटवर्कवरून विचारायचं, ही रीत तेव्हापासूनची. त्या वर्षअखेर अर्पानेट या त्या नव्या नेटवर्कवर जेमतेम चार ठिकाणं होती, आणि त्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे ठरवणाऱ्या मंडळींत बरेचसे पदव्युत्तर विद्यार्थी होते. म्हणजे ग्रुप प्रोजेक्टच. स्टीव्ह क्रॉकर या त्यांच्यातल्याच एकाने ७ एप्रिल १९६९ ला पहिलं टिपण काढलं. आपल्याला हे ठरवायचा अधिकार कोणी दिला असं वरच्या कोणाला वाटू नये म्हणून त्याने त्या टिपणांना नाव दिलं 'अभिप्रायासाठी विनंती', आरएफसी. आज इंटरनेटचे नियम म्हणून जे दाखवले जातात ते याच विनंत्या.

ही टिपणं चाळताना एक गोष्ट लक्षात येते. तुमच्या यंत्राच्या आत तुम्ही काय करता याबद्दल ती फारशी बोलत नाहीत. पण यंत्रातून बाहेर पडताना काय द्यायचं, याबद्दल कमालीची काटेकोर असतात. १९८१ च्या आरएफसी ७९१ मध्ये आयपीचा (पत्ता बघून पॅकेट पोचवायच्या नियमांचा) हेडर, म्हणजे पॅकेटच्या तोंडावरची माहिती, दिलाय, कमीत कमी वीस बाइटचा, आणि कुठल्या बिटने कुठे बसायचं हे सगळं ठरलेलं. न वापरायच्या बिटलासुद्धा जागा दिलीय आणि तो शून्यच ठेवा असं बजावलंय. आमची वाटणी नेमकी उलटी होती. आतलं काम प्रत्येकाने प्राण ओतून केलं आणि एकाचं दुसऱ्याला जिथे जाऊन भिडतं तिथे एक शीट आणि तीन अंगठे.

शेवटी सिम्युलेशन मोड लावला. त्यात पॅकेट म्हणजे एक रंगीत पाकीट दिसतं आणि ते टप्प्याटप्प्याने पुढे सरकतं. १२० वरून निघालं, स्विचवर गेलं, माझ्या राउटरवरून दुसऱ्या राउटरवर, तिथून पलीकडच्या पीसीवर. पोचलं! इतका वेळ आम्ही जाण्याच्या वाटेत शोधत होतो आणि पाकीट जात होतं व्यवस्थित. परत फिरलं, दुसऱ्या राउटरवर आलं आणि तिथे त्याच्यावर लाल फुली पडली. जायला वाट होती, यायला नव्हती. पिंगची हीच गंमत आहे, जाऊन परत आलं तरच ते झालं म्हणायचं. आणि न येण्याचं कारण ज्याने पाठवलं त्याला कळत नाही, त्याला फक्त वेळ संपल्याचं कळतं.

पाणी कुठे मुरतंय ते कळलं, पण का ते सांगितलं फोनवरून, रिपोर्टवाल्याने. तो बिचारा तक्ते चिकटवत बसला होता. म्हणाला, 'अरे, पान चारवर ऑफिसचा मास्क १९२ ने संपतोय आणि पान नऊवरच्या स्क्रीनशॉटमध्ये २२४ ने. कुठला ठेवू?' दुसऱ्या राउटरवर परतीचा रूट जुन्याच स्लॅश २७ चा होता. म्हणजे ६४ ते ९५. सत्तर त्यात बसतो, एकशेवीस बसत नाही. राउटिंगवाल्याने अंगठा दाखवला होता, शीट उघडलंही होतं, पण त्याच्या लेखी तो बदल पहिल्या इमारतीतला होता आणि पहिली इमारत माझी.

त्याला दोष द्यायला जीभ वळली नाही. डेटा नीट पोचवायची जबाबदारी घेणारं टीसीपीसुद्धा जी पोच देतं ती एवढीच की डेटा या बाजूच्या टीसीपीच्या हाती आला. वरच्या प्रोग्रॅमने तो वाचला की नाही याची हमी त्या पोचेत नसते. अंगठ्याचा अर्थ तेवढाच होता, आम्ही त्यात जास्त वाचला. तेव्हापासून मी ग्रुपवर 'बघून घ्या' लिहीत नाही, 'तुझ्या राउटरवर अमुक ओळ बदल आणि बदलल्यावर तिचा फोटो टाक' असं लिहितो. लोकांना राग येतो. येऊ दे.

पिंगचा जन्मही अशाच एका रात्रीचा. डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस यांच्या प्रयोगशाळेतलं नेटवर्क विचित्र वागू लागलं, म्हणून त्यांनी हा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. तो चालायला लागेपर्यंत मूळ बिघाड दुरुस्तही होऊन गेला होता! आमचा दुरुस्त झाला तो एका ओळीने. जुना रूट काढला, २२४ च्या जागी १९२ घातला, १२० वरून पिंग मारलं, चारही उत्तरं आली आणि कोणीही ओरडलं नाही. सगळे थकले होते.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) सरांनी नेमका ७० वरूनच पिंग मारायला सांगितलं. नुकतीच फाइल उघडलेली, त्यामुळे पहिली ओळ पुन्हा 'टाइम्ड आउट'. सरांनी मान वर करून विचारलं, 'पहिलं का वाया गेलं?' राउटिंगवाला रूट सांगायला लागला, मी व्हीलॅनकडे वळलो. रिपोर्टवाला म्हणाला, 'सर, एआरपी. वाटेतल्या पुढच्या यंत्राचा हार्डवेअरचा पत्ता, मॅक, माहीत नव्हता, तो विचारेपर्यंत पहिलं पॅकेट टाकून दिलं. रिपोर्टमध्ये पान अकरावर आहे.' सरांनी पान उघडून बघितलं.

रिपोर्टच्या शेवटी कोणी काय केलं याचा तक्ता द्यावा लागतो. अ‍ॅड्रेसिंग, राउटिंग, स्विचिंग, डॉक्युमेंटेशन, प्रत्येकी पंचवीस टक्के. तक्ता त्यानेच टाइप केला होता. पुढच्या सेमिस्टरला नव्या प्रोजेक्टची वाटणी सुरू झाली तेव्हा राउटिंगवाल्याने सगळ्यांच्या आधी हात वर करून रिपोर्ट मागून घेतला, आणि शेजारच्या ग्रुपला वाटलं, सुटला लेकाचा.