एका आजीचे दोन फोटो

जाहिरात क्षेत्रात आहे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेचं ऑफिस, शूटिंग, मॉडेल असं काहीतरी येतं. माझी सुरुवातीची वर्षं मात्र एस्टिमेट, रिलीज ऑर्डर (जाहिरात लावण्याचा लेखी आदेश) आणि थकलेल्या बिलांच्या मागे गेली. क्लायंट सर्व्हिसिंग म्हणतात ते हेच. क्लायंटच्या शिव्या क्रिएटिव्हवाल्यांपर्यंत, म्हणजे जाहिराती सुचवणाऱ्या-लिहिणाऱ्यांपर्यंत, गोड करून न्यायच्या आणि क्रिएटिव्हवाल्यांचे रुसवे क्लायंटला कळू द्यायचे नाहीत. जाहिरातींचे नामवंत लेखक पियूष पांडे १९८२ साली ओगिल्व्ही या एजन्सीत शिरले तेही याच दारानं, असं आम्ही ज्युनियर मंडळी एकमेकांना ऐकवायचो. ते पुढे लिहू लागले, आम्ही एस्टिमेटच काढत राहिलो.

नव्वदीच्या अखेरीस माझ्याकडे एका चहाच्या ब्रँडचं अकाउंट, म्हणजे त्यांच्या जाहिरातींचं काम, आलं. त्यातला मोठा खर्च होता भिंतींवर जाहिराती रंगवण्याचा. खेड्यापाड्यात टीव्ही किती, तर २००१ च्या जनगणनेतसुद्धा ग्रामीण भारतातल्या शंभर घरांमागे जेमतेम १९ घरांत तो सापडला. मग उरते ती एसटीच्या खिडकीतून दिसणारी घराची भिंत. आधी जुना पोपडा खरवडायचा, पांढरा हात मारायचा, वर पिवळा. नीळ लावलेली सुतळी दोघांनी ताणून धरायची आणि टणकन सोडायची, की सरळ रेघ उठते. उस्ताद अक्षरांच्या कडा काढतो, पोरं आतला रंग भरतात. घरमालकाला भाडं वगैरे नसतं. भिंत फुकटात रंगून मिळते, त्यातच तो खूश. आणि हे सगळं करणारा कंत्राटदार बिल लावतो चौरस फुटावर.

बिलासोबत यायचा अल्बम. पोस्टकार्ड साइजचे फोटो, प्रत्येकाखाली टाइप केलेली पट्टी: गाव, तालुका, भिंतीचं माप. आमच्याकडे रिवाज असा होता, की अल्बम चाळायचा, बिल पास करायचं. या खेपेला क्लायंटचा एरिया सेल्स मॅनेजर म्हणाला, चला, बघून तरी येऊ. कोल्हापूरचा गडी, बोलायला मोकळा, पण कागदाला पक्का. कराडला मुक्काम केला आणि सकाळी सुमोतून निघालो.

पहिल्या काही भिंती होत्या तिथे होत्या. मग उंब्रजवरून आत मसूरच्या बाजूला वळलो. एका घराची दर्शनी भिंत आमच्याच पिवळ्यात झळकत होती आणि ओट्यावर पाय पसरून एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. अल्बममधल्या फोटोतही त्याच, त्याच ओट्यावर. मॅनेजरला गंमत वाटली. त्यानं अल्बम उघडून त्यांच्यापुढे धरला.

"आजी, ओळखा बरं कोन हाय?"

आजींनी चष्म्याची दोरी सारखी केली, फोटो जवळ घेतला, लाजल्या, सुनेला हाक मारली. मग अल्बम सोडेचनात. एकेक पान उलटत, कुणाचं घर कसं आहे यावर शेरे मारत पुढे गेल्या आणि एका पानावर थांबल्या.

"आन् ह्यो बी माझाच की!"

खालच्या पट्टीवर गाव पाटण तालुक्यातलं होतं. मी म्हटलं, आजी, नीट बघा, ही बाई दुसरी असेल, लुगडंही वेगळंय.

"आवं, मीच ती. दोनदा काडला फोटू. पयला झाल्यावर म्हनले, आजी, दुसरं लुगडं नेसून या. म्या ते यात्रंचं तांबडं नेसले. मग त्यो पोरगा त्या अंगाला हुबा ऱ्हायला आन् काडला."

कॅमेरा दुसऱ्या बाजूनं धरला होता, त्यामुळे भिंत तिरपी दिसत होती आणि लाइटचं मीटर फोटोच्या बाहेर गेलं होतं. कंत्राटदाराची कला मानली पाहिजे. लुगडं बदलायचं सुचणारा माणूस खरं तर आमच्या क्रिएटिव्हमध्ये हवा होता. आज डिजिटल मोहिमांचे रिपोर्ट माझ्या टेबलावर येतात, त्यात लाखोंनी इम्प्रेशन्स, म्हणजे जाहिरात दिसल्याच्या नोंदी, असतात आणि त्यातली माणसं किती, बॉट (माणसाचं सोंग घेणारे प्रोग्रॅम) किती यावर मीटिंगा झडतात. तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो, की फोटो कुणी काढला. नव्या पोरांना तो कळत नाही.

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. "तुमचं कमिशन किती हो यावर?"

वर्तमानपत्रं एजन्सीला १५ टक्के द्यायची. आमची एजन्सी भिंतींनाही तोच हिशेब लावायची. म्हणजे पाटण तालुक्यातल्या त्या नसलेल्या भिंतीवर आम्हीही कमावणार होतो. मी आकडा सांगितला. तो काही बोलला नाही.

एवढ्यात सून चहा घेऊन आली. मॅनेजरनं घोट घेतला आणि कपात बघितलं. चहा विकणाऱ्या माणसाला जीभ असते.

"ही आमची पावडर नाही, आजी."

"सुट्टी हाय. पुड्यातली."

"मग ही भिंतीवरची?"

"ती हितं कुटं मिळती? दुकानदार आणतच न्हाई. कराडला गेलं तर. आन् नुसत्या चहापायी कोन जातंय कराडला!"

आता गप्प बसायची पाळी त्याची होती. गावात दुकानं दोन. दोन्हीकडे जाऊन आलो. एकाकडे धूळ खाल्लेलं एक मोठं पाकीट होतं, दुसऱ्यानं नावच ऐकलेलं नव्हतं. भिंत त्याच्या समोरच्या वळणावर होती.

संध्याकाळपर्यंत आम्ही जमतील तेवढी गावं केली. मी भिंती तपासायच्या, त्यानं दुकानं. परतीच्या वाटेवर सुमोत कुणीच कुणाला दोष दिला नाही, कारण दोघांचीही शेपटी एकमेकांच्या पायाखाली होती. कराडला जेवताना त्यानं कागद पुढे ओढला आणि तीन रकाने आखले: गाव, भिंत, माल. तिन्ही रकाने भरतील त्याच गावाचं बिल पास करायचं. यापुढे दुकानात लहान पुडी पोचल्याशिवाय गावात ब्रश लावायचा नाही. फोटोवर घरमालकाची सही किंवा अंगठा घ्यायचा.

मुंबईला आल्यावर तो कागद मी साहेबांपुढे ठेवला. कंत्राटदाराला हाकलायला ते एका पायावर तयार झाले, खोट्या भिंतींचे पैसे बिलातून वजा करणारी क्रेडिट नोटही त्याच दिवशी निघाली. तिसऱ्या रकान्यावर मात्र त्यांनी बोट ठेवलं. "माल पोचवणं क्लायंटचं काम. आपण कशाला आपले चौरस फूट कमी करून घ्यायचे?" मी म्हटलं, कागद क्लायंटच्याच हस्ताक्षरात आहे. पुढच्या हंगामात भिंती निम्म्यावर आल्या, बिलही निम्म्यावर आलं. त्याच सुमारास मला एका स्कूटरच्या अकाउंटवर हलवण्यात आलं. ऑफिसात ती बढती म्हणून जाहीर झाली. पगार तेवढाच राहिला.