‘नो फॉल्ट’ लिहिलेली गाडी आणि सातचं ॲव्हरेज

तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, एअर सस्पेन्शन, २२ इंची अलॉय, माणसं धरून वजन २.४ टन. कागदावर ॲव्हरेज लिटरला १२.५, हातात पडत होतं ७. आधीच्या वर्कशॉपने स्कॅनर लावून ‘नो फॉल्ट’ची प्रिंट दिली आणि “मोठी गाडी आहे साहेब, पिणारच,” म्हणून परत पाठवलं. या उत्तराचा मला मनापासून राग येतो. गाडी किती पिते हे मोजता येतं आणि कुठे पिते हेही मोजता येतं.

सुरुवात टाकी फुल ते टाकी फुल. मीटरवर ७.६ दिसत होतं, भरलेल्या डिझेलचा हिशोब ७ वर आला. हा फरक नेहमीचा आहे. मीटर प्रत्यक्ष डिझेल मोजत नाही, इंजेक्टर किती वेळ उघडले यावरून अंदाज काढतो, आणि तो अंदाज बहुतेक वेळा गाडीच्या बाजूने झुकतो. टाकी भरताना तोच पंप, तेच नोझल, गाडी सपाटीवर आणि पहिला कट पडला की थांबायचं. डिझेलला फेस येतो, वरून चेपून भरलं की चाळीस लिटरच्या भरण्यात तीन लिटर सहज इकडेतिकडे होतात. म्हणजे सात-आठ टक्क्यांची चूक तिथेच.

मग टायर. मूळचे २५५/५५ आर १९, बसवलेले २७५/४० आर २२. व्यास ७६३ मिलीमीटरवरून ७७९ वर गेला, त्यामुळे ओडोमीटर खऱ्या अंतरापेक्षा दोन टक्के कमी मोजतो. ही दोन टक्के निव्वळ हिशोबाची, ती परत मिळाली. पण रुंद, जड चाकाने जास्तीचं ओढलेलं डिझेल परत मिळत नाही. हवा चारही चाकांत ३२, आणि दाराच्या खांबावरचा स्टिकर सांगतो पुढे ३५, मागे ४१. प्रेशरचा दिवा साधारण वीस टक्के घट झाल्याशिवाय पेटत नाही, आणि तो पेटल्याशिवाय हवा कोणी बघत नाही. ब्रेक चिकटत नव्हते. दहा किलोमीटर चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्क पाहिल्या, आकडे जवळजवळ सारखे.

खरी गोष्ट लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे चालत्या इंजिनाच्या सेन्सरांच्या आकड्यांत होती. अर्धा तास चालल्यावरही कूलंट ७१ अंशांवर, यायला हवं होतं नव्वदच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, ठीक असेल तर हा होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. इथे पहिल्या काही मिनिटांतच कोमट व्हायला लागला. थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला. पेंडिंग, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या फॉल्टच्या यादीत पी०१२८ पडलेला होता, कूलंट पुरेसं तापत नाही असं सांगणारा कोड. गर्दीतल्या थांबत-थांबत फेऱ्यांत ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, ती तपासणी पूर्णच होत नसावी, म्हणून कोड पक्का झाला नाही, आणि आधीच्यांनी पेंडिंग यादी उघडलीच नाही. दोन बटणांचं काम होतं.

थंड इंजिन जास्त डिझेल खातं हे एक. दुसरं, डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्यातली काजळी जाळायला आत साधारण ६०० अंश लागतात, आणि थंड इंजिनला तिथवर जायला जास्तीचं डिझेल फवारावं लागतं. काजळी जाळण्याच्या या फेरीला रीजन म्हणतात. या गाडीत दोन रीजनमधलं अंतर जेमतेम १७० किलोमीटर दिसत होतं, आणि कित्येक रीजन अर्ध्यावर तुटलेल्या. आयडल, म्हणजे उभ्या गाडीतले इंजिनचे फेरे, मिनिटाला हजाराजवळ चढलेलं, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात चालू, ही रीजनची लक्षणं आहेत. तेव्हा गाडी बंद करू नये. पंधरा-वीस मिनिटं चालू द्यावी. हे ड्रायव्हरला कोणी सांगितलेलंच नव्हतं. अर्धवट रीजनचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक मॅक्सच्या बोटभर वर होती आणि ऑइलला डिझेलचा वास.

थर्मोस्टॅट बदलला, गरम इंजिनावर सर्व्हिस रीजन, म्हणजे स्कॅनरने मुद्दाम लावलेली रीजन केली, मग ऑइल आणि फिल्टर. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी ऑइल बदललं तर रीजनचं डिझेल नव्या ऑइलमध्ये जातं. हवा स्टिकरप्रमाणे. पुढच्या टाकीला ७.६. फायदा साडेआठ टक्के. मालकांना दुप्पट हवं होतं.

तिथून पुढचा भाग माझ्या डोक्यातून अजून जात नाही. ट्रिपची नोंद काढली तेव्हा १,९०० किलोमीटरला इंजिन १०६ तास चाललेलं, म्हणजे सरासरी वेग १८. त्यातले ४१ तास गाडी उभी. एसी लावून हे इंजिन तासाला सव्वा लिटरच्या आसपास खातं, म्हणजे जवळपास पन्नास लिटर जागच्या जागी. ते वजा केलं तर थर्मोस्टॅट खराब असतानाही ॲव्हरेज साडेआठच्या पुढे जात होतं! ज्याला फॉल्ट म्हणता येईल तो लहान हिस्सा होता. मोठा हिस्सा फॉल्टच नव्हता.

कंपनीचा आकडा खोटा नाही. २०१७ पासून युरोपात लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत गाडी अर्ध्या तासात सव्वातेवीस किलोमीटर जाते, सरासरी वेग साडेसेहेचाळीस, तापमान २३ अंश, एसी बंद. इथे वेग १८, एसी अखंड. २.४ टन एकदा ५० वर नेऊन ब्रेक मारला की निदान १८ मिली डिझेल ब्रेकच्या उष्णतेत गेलं. अशा थांब्यांवर पन्नासेक वेळा थांबलात की जवळजवळ लिटर. हीच गाडी मोकळ्या रस्त्यावर ९० च्या स्थिर वेगाला टाकीच्या हिशोबाने पंधराच्या वर गेली, १२० ला अकरावर आली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, एवढ्या उंच नाकाच्या गाडीला ते जास्त भोवतं.

ड्रायव्हरदादांवर चिडण्यात अर्थ नाही. “साहेब बसतील तेव्हा आत गार पाहिजे,” हा त्यांना हुकूम आहे. पाच मिनिटं आधी एसी लावला तरी पुरतं, असं मी साहेबांना दादांसमोरच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत बाहेरून चार्ज करायची बॅटरी असलेली गाडी, घेतली तर?

उभ्या गाडीत बॅटरीवर एसी चालेल, हे खरं. पण युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये गाड्यांमधूनच गोळा केलेले आकडे मांडले, त्यात साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं उत्सर्जन चाचणीपेक्षा सुमारे वीस टक्के जास्त निघालं आणि प्लग-इन हायब्रिडचं साडेतीन पट, कारण चाचणीत धरतात तितकी ती चार्ज होतच नाही. “रात्री गाडी उभी असते तिथे चार्जिंग आहे का?” मी विचारलं. नाही, आणि बसवता येईल असंही नाही.